गोटी पडद्यावर आली, तेव्हा हाताचे काय झाले?

१/२२
डिसेंबर १९८४. अमेरिकेतील आर्केडमध्ये एक नवे यंत्र दाखल झाले. पडद्यावर हवेत तरंगणारे चौकटीचौकटींचे उतार, अरुंद कठडे, खोल दऱ्या आणि त्यांच्या कडेने घरंगळणारी एक निळी गोटी. खेळाडूच्या हाती ना बंदूक होती, ना अंतराळयान. वेळ संपण्याआधी गोटी शेवटच्या रेषेपर्यंत न्यायची, एवढेच काम. खेळाचे नाव होते ‘मार्बल मॅडनेस’. घरगुती कन्सोलवरील गोट्यांच्या खेळांची वंशावळ लिहायची, तर हे नाव टाळता येत नाही. त्या वंशावळीचा हा थ्रेड.

२/२२
या इतिहासाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. खरी गोटी उतारावर ठेवली की ती आपोआप घरंगळते. पृथ्वी तिला ओढते आणि तिचे वजन हाताला कळते. पडद्यावरची गोटी म्हणजे निव्वळ प्रकाशाचे ठिपके. तिला वजन नाही आणि उतार तर चित्रातलाच. मग खेळाडूच्या हाताला तिचा भार जाणवून द्यायचा कसा? या प्रश्नाला प्रत्येक पिढीच्या यंत्राने निराळे उत्तर दिले. काही उत्तरे टिकली, काही यंत्रांबरोबर नाहीशी झाली.

३/२२
पडद्याच्या आधी होती ती लाकडी डबी. १८८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वेव्हर्ली या गावचे खेळणी बनवणारे चार्ल्स क्रँडल यांनी ‘पिग्ज इन क्लोव्हर’ नावाचे कोडे बाजारात आणले. एकात एक बसवलेली वर्तुळाकार कुंपणे, प्रत्येक कुंपणाला एक फट, आणि आत मातीच्या गोट्या. त्या गोट्या म्हणजे मोकाट सुटलेली डुकरे. डबी अलगद कलती करत सगळी डुकरे मधल्या खुराड्यात आणायची. एक आत शिरली की दुसरी बाहेर पडे.

४/२२
या डबीने त्या वर्षी अमेरिकेला वेड लावले. सिनेटर विल्यम एव्हर्ट्स यांनी फेरीवाल्याकडून ती विकत घेतली आणि तिच्यापायी सिनेटमधील प्रतिष्ठित मंडळी डुकरे हाकण्यात गुंतली, असे वृत्त तेव्हाच्या वर्तमानपत्रांत झळकले. पाहता पाहता नकलाही निघाल्या. पारदर्शक झाकणाखालचे छर्रे खळग्यांत बसवायची प्लास्टिकची डबी आपल्याकडच्या जत्रेत ज्यांनी हाताळली असेल, त्यांना क्रँडल यांचे कोडे अनोळखी वाटणार नाही. दोन्ही एकाच कुळातली.

५/२२
पुढचा टप्पा स्वीडनमधला. ओस्बी या गावातील ‘ब्रिओ’ या खेळण्यांच्या कंपनीने १९४६ मध्ये ‘लॅबिरिंथ’ हा खेळ आणला. लाकडी पेटी, तिच्यावर हलता पृष्ठभाग, त्यावर पोलादी गोळी, वाटेत जागोजाग भोके आणि पेटीच्या दोन बाजूंना दोन मुठी. एक मूठ फिरवली की पृष्ठभाग पुढेमागे कलतो, दुसरी फिरवली की डावीउजवीकडे. गोळीला बोटही लावायचे नाही. फक्त तिच्या पायाखालची जमीन हलवायची.

६/२२
गोट्यांच्या खेळांचे दोन मूळ प्रकार इथे स्पष्ट होतात. एका प्रकारात माणूस गोटीलाच ढकलतो, जसे अंगणात गोट्या खेळताना बोटाने टोला मारतात. दुसऱ्यात तो जमीन कलती करतो आणि बाकीचे काम पृथ्वीवर सोपवतो. पहिल्यात नेम लागतो, दुसऱ्यात संयम. पुढे व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांना या दोहोंतून निवड करावी लागली. ती निवड बहुतेक वेळा कल्पनेपेक्षा हाताशी असलेल्या यंत्रावरून ठरली.

७/२२
आता पुन्हा कॅलिफोर्नियातील ‘अटारी’कडे. मार्क सर्नी यांचा जन्म १९६४ चा. १९८२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, शिक्षण सोडून ते अटारीत रुजू झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि १९८४ मध्ये कंपनीचीच वाटणी झाली. घरगुती यंत्रे आणि संगणकांचा विभाग जॅक ट्रॅमिएल यांनी घेतला. आर्केडचा विभाग ‘अटारी गेम्स’ या नावाने वेगळा राहिला. त्या पडझडीच्या काळातच गोटीचा हा खेळ आकाराला येत होता.

८/२२
सर्नी यांच्यापुढे मिनिएचर गोल्फचे चढउतार होते आणि डच चित्रकार एशर यांची चक्रावून टाकणारी भूमितीही. प्रोग्रॅमिंगमध्ये बॉब फ्लॅनगन त्यांच्यासोबत होते. आर्केडचे खेळ त्या काळी बहुधा असेंब्ली भाषेत लिहिले जात. हा खेळ सी भाषेत लिहिला गेला. जगाचे दृश्य वरून, तिरक्या कोनातून दिसे आणि दूरची वस्तू लहान होत नसे. या पद्धतीला आयसोमेट्रिक म्हणतात. तिच्यामुळे सपाट पडद्यावरही उंची आणि खोली डोळ्यांना पटू लागली.

९/२२
डोळ्यांचा प्रश्न सुटला, हाताचा उरला. अटारीचे उत्तर होते ट्रॅकबॉल. यंत्राच्या फळीत अर्धवट बुडालेला एक गोळा तळहाताने फिरवायचा. त्याला टेकलेले रूळ फिरतात, रुळावरची खाचांची चकती प्रकाशाची तिरीप अडवते आणि सोडते, आणि त्या उघडझापीवरून यंत्राला दिशा व वेग कळतो. या उपकरणाचा जन्म मात्र खेळासाठी झाला नव्हता. १९५० च्या दशकाच्या आरंभी कॅनडाच्या नौदलाच्या ‘डेटार’ प्रकल्पात अशाच कामासाठी चक्क बोलिंगचा चेंडू वापरला गेला होता.

१०/२२
‘मिसाइल कमांड’ आणि ‘सेंटिपीड’ हे अटारीचे आधीचे गाजलेले खेळही ट्रॅकबॉलवरच चालत. पण तिथे तो फक्त निशाणा सरकवण्याचे साधन होता. ‘मार्बल मॅडनेस’मध्ये त्याला प्रथमच खरा अर्थ आला: हाताखाली गोळा, पडद्यावरही गोळा. जोराने फिरवला तर गोटी सुसाट सुटे. कड्यापाशी ती थांबवायची तर उलट्या दिशेने तितक्याच घाईने हात मारावा लागे. खेळून झाल्यावर तळहात चुरचुरत. भाराचा भास निर्माण झाला तो या श्रमातून.

११/२२
तरीही एक उणीव होतीच. पडद्यावरची गोटी उतारावर वेग घेई, पण हाताखालच्या गोळ्याला त्या उताराचा पत्ताच नसे. सर्नी यांना हे आधीच उमगले होते. ट्रॅकबॉलला मोटर जोडावी, म्हणजे गोटी उतरणीला लागली की हाताखालचा गोळाही आपोआप वेगाने फिरेल आणि चढणीवर जड होईल, अशी त्यांची मूळ कल्पना होती. ती अंतिम यंत्रापर्यंत पोहोचली नाही. पडद्यावरचे गुरुत्वाकर्षण हातापर्यंत आणण्याचा तो प्रयत्न अर्ध्या वाटेवरच थांबला.

१२/२२
खेळात एकूण ६ शर्यती होत्या. एका शर्यतीत उरलेला वेळ पुढच्या शर्यतीत मिळे, त्यामुळे सुरुवातीचा निष्काळजीपणा शेवटी भोवे. पाचव्या शर्यतीचे नाव ‘सिली’. तिच्यात गोट्या उतारावरून वर चढत. आधीच्या ४ शर्यतींत हाताला लागलेली सवय तिथे पूर्ण उलटी करावी लागे. खेळ बनवणाऱ्यांनी गुरुत्वाकर्षणाचीच थट्टा केली होती. आणि ती खेळाडूला कळली, याचाच अर्थ आधीचे खोटे गुरुत्वाकर्षण त्याला खरे वाटू लागले होते.

१३/२२
सुरुवातीला हे यंत्र खूप चालले, मग गर्दी अचानक ओसरली. कारण खेळाच्या रचनेतच होते. ज्याचा हात बसला, त्याला ६ शर्यती पार करायला जेमतेम काही मिनिटे लागत. त्यापुढे पाहण्यासारखे काही उरत नसे. नाण्यांवर चालणाऱ्या धंद्यात ज्या खेळाला शेवट आहे, त्याचे आयुष्य तोकडे ठरते. सर्नी पुढे अटारी सोडून गेले. तोवर खेळाची पावले मात्र आर्केडबाहेर, माणसांच्या घरांकडे वळली होती.

१४/२२
घरी ट्रॅकबॉल नव्हता, आणि इथे हाताचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९८९ मध्ये ‘मार्बल मॅडनेस’ निंटेंडोच्या एनईएस या कन्सोलवर आला. तो तयार केला ब्रिटनच्या ‘रेअर’ने आणि प्रकाशित केला ‘मिल्टन ब्रॅडली’ने. एनईएसच्या कंट्रोलरवर होते फुलीच्या आकाराचे बटण, निंटेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये रूढ केलेले. ते एक तर दाबलेले असते किंवा सुटलेले. हळू, मध्यम, जोरात अशा छटा त्याला ठाऊकच नाहीत. गोटीचा तर सारा खेळ त्या छटांचा.

१५/२२
अडचण आणखी एक होती. पडद्यावरचे रस्ते तिरके, बटणाचे हात सरळ. ‘खाली’ दाबले की गोटीने कुठे जावे? त्यामुळे खेळ सुरू होण्याआधीच विचारले जाई: कंट्रोलर सरळ धरणार की ४५ अंशांत वळवून? यंत्राचा हात खेळाला बसत नव्हता, म्हणून माणसाने आपला हात वळवायचा. तरीही घरगुती कन्सोलवरील असंख्य मुलांना हा खेळ कळला तो याच रूपात. मूळ यंत्रावर तळहात चुरचुरत, इथे अंगठा दुखे.

१६/२२
दरम्यान आर्केडमध्ये उत्तरार्धाचा प्रयत्न झाला. १९९१ मध्ये फ्लॅनगन यांनी ‘मार्बल मॅन’ हा दुसरा भाग तयार केला. पहिला भाग लवकर संपतो हा दोष ओळखून त्यांनी शर्यती वाढवल्या. चाचणीसाठी ठेवलेली यंत्रे मात्र ‘स्ट्रीट फायटर २’च्या लाटेपुढे टिकली नाहीत. दोष ट्रॅकबॉलचा असावा असे वाटून त्याजागी जॉयस्टिक बसवून पाहिली. निकाल तोच. प्रकल्प गुंडाळला गेला आणि मागे उरली मोजकी नमुना-यंत्रे.

१७/२२
पुढचे उत्तर आले जपानमधून, एका पराभवाच्या वर्षी. जानेवारी २००१ मध्ये ‘सेगा’ने कन्सोल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी तोशिहिरो नागोशी यांच्या चमूने आर्केडसाठी ‘मंकी बॉल’ काढला. त्याची जॉयस्टिक केळ्याच्या आकाराची होती. सप्टेंबरमध्ये निंटेंडोचा गेमक्यूब जपानमध्ये विक्रीस आला, तेव्हा पहिल्याच दिवशीच्या खेळांत ‘सुपर मंकी बॉल’ होता. काल-परवापर्यंतच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर सेगाचा खेळ घरंगळत आला.

१८/२२
पारदर्शक गोळ्यात बसलेले माकड पाहून हा खेळ पोरकट वाटतो. त्याची रचना तशी नाही. यात खेळाडू गोळ्याला ढकलत नाही. कंट्रोलरची काडी वळवली की सगळी जमीन कलते. म्हणजे नागोशी यांनी ‘मार्बल मॅडनेस’चा टोला सोडून ब्रिओच्या पेटीचा कल स्वीकारला. हे शक्य झाले ते नव्या ॲनालॉग काडीमुळे. ती किती वळवली याची छटा यंत्राला कळते. एनईएसच्या फुलीने जे हिरावून घेतले होते, ते इथे परत मिळाले.

१९/२२
तरी काडी ही काडीच. ती हातातल्या डबीची जागा घेत नाही. ते अंतर मिटवले एका इवल्या चिपने. ॲक्सेलरोमीटरच्या आत सिलिकॉनचा सूक्ष्म वस्तुमान-तुकडा नाजूक स्प्रिंगांवर तोललेला असतो. चिप कलली की पृथ्वी त्याला किंचित ओढते, आणि त्या सरकण्यातून निर्माण होणारा विद्युत बदल मोजून कल किती हे ठरवले जाते. २००० मध्ये ‘कर्बी टिल्ट अँड टंबल’ या गेम बॉय कलरच्या खेळात निंटेंडोने असा सेन्सर थेट कार्ट्रिजमध्ये बसवला होता.

२०/२२
२ डिसेंबर २००६ रोजी जपानमध्ये वी हा कन्सोल आला, तेव्हा ‘हडसन सॉफ्ट’चा ‘कोरोरिन्पा’ सोबत होता. जपानीत ‘कोरोरिन’ हा गोल वस्तू घरंगळण्याचा ध्वनिवाचक शब्द, आपल्या ‘गडगड’सारखा. रिमोट कलला की पडद्यावरचा भूलभुलैया कलतो. पुरता आडवा केला की भिंतीची जमीन होते. वाटेतले स्फटिक वेचून ध्येय गाठायचे. इथे क्रँडल यांची डबी ११७ वर्षांनी घरच्या कन्सोलवर आली. पडद्यावरची गोटी खोटी होती, पण रिमोटच्या पोटातला तो सिलिकॉनचा कण खऱ्या पृथ्वीनेच ओढला जात होता.

२१/२२
आता प्रश्न जतनाचा. मार्च २०१२ मध्ये हडसन सॉफ्ट ‘कोनामी’त विलीन झाली. ‘मार्बल मॅन’चा प्रोग्रॅम तीन दशकांनी, २०२२ मध्ये, इंटरनेटवर प्रकट झाला आणि विसरला गेलेला खेळ पुन्हा चालू लागला. पण संगणकाच्या कीबोर्डवर त्याला हात कुठला? ‘मार्बल मॅडनेस’चा कोड अक्षरन् अक्षर जपला, तरी तळहाताखालचा गोळा कोडमध्ये नसतो. उलट ‘कर्बी’चा तो जुना खेळ २०२३ मध्ये स्विचवर नीट खेळता आला, कारण स्विचच्या कंट्रोलरमध्ये कल ओळखणारे सेन्सर होते. खेळाबरोबर हातही वाचला.

२२/२२
इतिहास लिहिताना खेळाची नावे, कंपन्या आणि साले सहज नोंदवली जातात. हाताची नोंद राहून जाते. गोटीचा खेळ सांगतो की चित्र आणि नियम हा खेळाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा ट्रॅकबॉलच्या रुळांत, काडीच्या वळणात, रिमोटच्या कलण्यात असतो. म्हणून जुना कन्सोल भंगारात टाकताना त्याचा कंट्रोलर तरी बाजूला काढून ठेवावा. १८८९ ची डबी कुणाच्या संग्रहात शाबूत असेल, तर ती आजही हातात घेऊन खेळता येईल. तिला ना वीज लागते ना कोड. पृथ्वीची ओढ तिला पुरते.